खिडकीकडे केसभर

उतारावर त्याने दोन्ही हात हँडलवरून काढून मांड्यांवर ठेवले, आणि सायकल डावीकडे गेली.

गेली म्हणजे काय, फुटपाथवर चढली नाही की कुणाला धडकली नाही. गर्दीत ओळखीचं माणूस मागून येतं आणि आपल्या कोपराला नुसतं बोट लावतं ना, तेवढंच. पण लागलं. सीटमधून कमरेला लागलं, कमरेतून पाठीच्या मणक्यात चढलं आणि मानेपाशी येऊन थांबलं. त्याने हात परत हँडलवर ठेवले. पुढे पाववाल्याचं दुकान होतं, भट्टीचा वास होता, रांगेत दोन-चार माणसं होती, आणि त्यातल्या एकाने पिशवी हलवून विचारलं, ''काय फ्रेमवाले, नवीन का?'' ''नवीन.'' ''तुमचीच?'' ''नाही, विहीणबाईंची,'' तो म्हणाला, आणि तो माणूस हसत सुटला. त्याला वाटलं, फ्रेमवाल्याने सकाळी सकाळी चांगली फिरकी घेतली. फिरकी नव्हती. फ्रेम खरंच विहीणबाईंची होती. त्यांनी कापलेली, त्यांनी कानशीने घासलेली, त्यांनी पितळेने झाळलेली. सुनेची आई. साठीला टेकलेली बाई. आणि ती फ्रेम डावीकडे ओढत होती.

आता रीत सांगायला हवी, नाहीतर एवढ्याशा बोटभर ओढीचं एवढं काय, हे कळायचं नाही. वडिलांपासून चालत आलेली रीत. शिकणाऱ्याची पहिली फ्रेम झाली की ती लगेच सपाटीच्या टेबलावर चढवायची नाही. टेबल खोटं बोलत नाही, पण शिकणारा टेबलाशी भांडतो. म्हणतो टेबलच वाकडं. म्हणून आधी रस्ता. शिकवणाऱ्याने आपल्या रोजच्या सायकलची चाकं काढायची, पुढचं चाक धरणारा चिमटा काढायचा, हँडल, सीट, पेडलं, सगळं पारखलेलं सामान त्या नव्या फ्रेमवर चढवायचं, म्हणजे नवं काही असेल तर ती फ्रेमच. मग लाँड्रीपासून पुलापर्यंतच्या उतारावर हात सोडायचे. सायकल दोरीत गेली तर मग टेबल, मग माप, मग रंग. ओढली, तर करवत. सांध्यातूनच कापायची. मुरगळून सरळ करायची नाही. ''थंड लोखंडाला मुरगळलं की ते गप्प बसतं,'' वडील म्हणायचे, ''आणि मग एक दिवस, ऐन उतारावर, बोलतं.'' त्याची स्वतःची पहिली फ्रेम वडिलांनी अशीच कापली होती. त्याने दुसरं टोक धरलं होतं. कापताना करवतीचा आवाज नळीतून हातात येतो, हातातून दातांत. कापून झाल्यावर वडिलांनी सांध्याचा काप उजेडात धरला. सांध्यावर चढवलेलं बाहेरचं लोखंड आणि आतली नळी यांच्या मधे पितळेची पिवळी रेघ गोल फिरायला हवी. फिरली होती, मग तुटली होती, मग पुन्हा फिरली होती. ''इथे घाबरलास,'' वडील म्हणाले, आणि खरोखरच तो नेमका तिथे घाबरला होता.

वारा असेल. त्याने गाल पुढे करून बघितलं. वारा नव्हता. रस्त्याला डावीकडे उतार असेल, गटारीच्या बाजूला. सगळ्याच रस्त्यांना असतो. मग तो दवाखान्याच्या भिंतीकडून वळला, पलीकडच्या रस्त्यावर गेला, तिथे मधोमध धरून, मागे मोटार नाही बघून, पुन्हा हात सोडले. पुन्हा तेच बोट. आपण वाकडे बसलो असू. कमरेचं काय सांगावं, सकाळी मोजे घालताना जी कळ आली होती ती कुठल्या बाजूला होती? उजवीकडे नीट सरकून बसला. पुन्हा बोट. आणि तरी (हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण पाववाल्याची रांग मागे राहिली होती) आणि तरी काय सायकल होती ती! पाय खाली गेला की पुढे सरकत होती, मधे कुठे जोर सांडत नव्हता. बुटक्या माणसासाठी बांधलेली, म्हणून त्याचे गुडघे हँडलला लागत होते, अस्वल तीनचाकीवर बसावं तसा दिसत असणार तो. पण खड्ड्यातून जाताना नळ्यांमधून जो आवाज आला तो एकाच वस्तूचा आवाज होता. फ्रेम नवीन असते तेव्हा नळ्या आपापलं बोलतात. ही एका तोंडाने बोलत होती. एवढी चांगली. आणि वाकडी. त्याला ते दोन शब्द एका ठिकाणी बसवताच येईनात. जो हात सांधा इतका नेटका भरतो तो हात सरळपणा कसा चुकवेल? चुकवतो, चुकवतो, म्हातारा हात आहे, शिकाऊ हात आहे. हो, पण.

कारखाना घराच्याच तळमजल्यावर. मधल्या मजल्यावर तो आणि बायको, वर मुलगा, सून, आणि दोन वर्षांपासून सुनेची आई. विहिणीने लेकीच्या सासरी कायमचं येऊन राहायचं म्हणजे काय, हे बोलून दाखवायची कुणाची टाप नव्हती, पण बाई स्वतःच रोज बोलून दाखवत. कप स्वतः विसळायच्या, दुसऱ्याचाही विसळायच्या. दार लोटताना आवाज करायच्या नाहीत. जेवताना पोळी मागायच्या नाहीत. एवढं न बोलणं म्हणजे घरभर बोलणंच की. आयुष्यभर कोट शिवले होते त्यांनी, भर बाजारात स्वतःचं दुकान होतं. मग नवरा गेला, दुकानाची इमारत पाडली, आणि मशीन लेकीच्या खोलीत पलंगाखाली गेलं. आणि एक दिवस त्याला जेवायला बोलवायला म्हणून त्या खाली आल्या. तो तेव्हा एका नळीचं तोंड दुसऱ्या नळीवर बसवत होता. गोल नळीवर गोल नळी तिरकी टेकायची तर टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, आणि ते घासून घासून, लावून बघून, पुन्हा घासून जमवायचं असतं. विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. वर आमटी निवत होती. ''अहो व्याही,'' त्या म्हणाल्या, ''हा तर मुंढा आहे.'' ''काय आहे?'' ''मुंढा. बाही जिथे खांद्याला लावतो तो. कागद द्या बघू.'' त्याने कागद दिला. त्यांनी नळीच्या घेरावर बोटं फिरवली, कागद कापला, गुंडाळला. कागदाची कड दुसऱ्या नळीवर अशी टेकली, की आत उजेडाची रेघसुद्धा दिसेना. मग वरून बायकोची हाक आली, ''एकाला बोलवायला पाठवलं तर दोघं गायब!'' आणि विहीणबाई चोरी पकडल्यासारख्या जिना चढल्या. पण चढताना, पाठ वळवूनच, त्यांनी विचारलं, ''हे शिकायला किती दिवस लागतात?''

शिकवायचं ठरलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. ''मला उभ्या जन्मात एक स्क्रू पिळू दिला नाहीत, आणि विहिणीच्या हातात जाळ! लोक काय म्हणतील?'' ''काय म्हणतील?'' ''म्हणतील, सुनेने आईला राबायला आणलं.'' पण पहिला एप्रन तिनेच शिवायला काढला, आणि विहीणबाईंनी तो तिच्या हातातून घेऊन उसवला. अडचण वेगळीच होती. विहिणीला ओरडायचं कसं? शिकवण्यातली अर्धी विद्या ओरडण्यात असते. 'गाढवा, कानस मागे ओढताना उचल!' हे वडिलांकडून त्याला मिळालं होतं, आणि अजून कानस मागे ओढताना त्याला आपण गाढव असल्याची आठवण होते आणि हात आपोआप उचलला जातो. आता विहीणबाईंना काय म्हणायचं? ''कानस जरा उचलावी, म्हणजे, उचललीत तर बरं पडेल.'' त्या म्हणायच्या, ''व्याही, तुम्ही मला रागावत का नाही?'' ''रागावलोच आहे.'' ''हे रागावणं? गिऱ्हाइकं कोटाच्या बटणावरून याहून जास्त बोलतात.'' आणि रीत सांगितली तेव्हा, करवतीची, त्यांनी भिंतीवर टांगलेल्या करवतीकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, ''विहीण म्हणून सूट द्यायची नाही. सरळ आली तर मी इथे खाली रोज कामाला येणार. पाहुणी म्हणून नाही, कामाला. आणि नाही आली तर एवढ्या वयात लुडबुड बस झाली, मी धाकट्या बहिणीकडे जाऊन राहीन. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. पोरीला काही बोलू नका.'' हे सगळं त्यांनी टाकणखाराच्या डब्याचं झाकण लावता लावता सांगितलं, आणि झाकण नीट बसलंय का ते दोनदा दाबून बघितलं.

तर ती खोली. एका अनोळखी घरातली रिकामी खोली पुलाच्या दिशेने त्याच्या पुढे पुढे चालली होती. तो पुलावर आला. खाली पाणी मंद, तेलकट. कठड्याशी थांबून त्याने वाक्यं जुळवून बघितली. 'वाऱ्यासारखी चालते.' खरं होतं. 'मला सोडवेना हो, म्हणून उशीर झाला.' तेही खरं. कुणाला कळणार होतं? विहीणबाई हात सोडून सायकल चालवणार होत्या थोड्याच! लहानपणी भावाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून त्या चालवायच्या, अर्धं पेडल, लोंबकळत; आपल्या उंचीची सायकल त्यांना कधी मिळालीच नव्हती, म्हणून तर पहिली फ्रेम स्वतःच्या मापाची. हात हँडलला घट्ट धरून बाई बाजारात जातील, येतील, बोटभर ओढ मनगटाला कळणारही नाही. वडील गेले. करवत त्याची. रीत त्याची. मोडली तर बघायला कोण आहे? आणि लगेच त्याला दिसलं की बघायला विहीणबाईच आहेत. कोटाचा खांदा सुतभर पडला तर गिऱ्हाइकाने वाहवा केली तरी रात्रभर न झोपणारी बाई. तिला खोटी वाहवा देणं म्हणजे पोळी न मागणाऱ्या माणसाच्या ताटात शिळी वाढण्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने पेडल मारलं.

त्यांचा हात त्याने एकदा चोरून बघितला होता. सुरुवातीचे कित्येक आठवडे त्या वाईटच होत्या. कागदावर राणी आणि लोखंडावर मोलकरीण, असं त्याच स्वतःला म्हणायच्या. कानस घसरायची. जाळ धरला की मनगट ताठ व्हायचं, पितळ वितळून नळीवर थेंब थेंब साचायचं, सांध्यात शिरायचंच नाही. मग एक दिवस तो गॅसचा सिलेंडर बदलायला गेला आणि लवकर परत आला, आणि दारातून न येता अंगणाकडून आला, आणि खिडकीतून बघून जागीच थांबला. आत विहीणबाई एकट्या होत्या. जाळ डाव्या हातात होता. पितळेची काडी उजव्यात. आणि जाळ हलत होता, नाही, हलत नव्हता, श्वास घेत होता, सांध्याभोवती. टाकणखार आधी पांढरा फुगला, मग काचेसारखा पातळ होऊन वाहिला, नळी तांबूस झाली, फक्त तांबूस, त्यापुढे एक कणही नाही, आणि काडी टेकली मात्र, पितळ पाण्यासारखं आत ओढलं गेलं, आणि सांध्याच्या दुसऱ्या कडेला पिवळी झळाळी उगवली. चाळीसेक वर्षं त्याने स्वतः हे केलं होतं, पण बाहेरून कधी बघितलं नव्हतं. स्वतःचा जाळ स्वतःला दिसत नाही, नळीच दिसते. तो खिडकीशी उभाच राहिला, सिलेंडर खाली ठेवायचंही भान नव्हतं. आत गेलो तर त्या हात बदलतील हे त्याला पक्कं कळलं होतं. त्यांच्या आईने लहानपणी त्यांच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळून ठेवलं होतं, हे त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं, हसत. लिहायचं उजव्याने, वाढायचं उजव्याने. कात्रीही उजव्या हाताचीच मिळते, म्हणून कापायचं उजव्याने. फक्त सुई डाव्याने. सुई एवढीशी असते, कुणाच्या नजरेत येत नाही. त्याने त्या दिवशी पायांचा मुद्दाम आवाज करत दारातून प्रवेश केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या खाली यायच्या आत, जाळाच्या टॉर्चचा हुक फ्रेम आवळून धरणाऱ्या साच्याच्या उजव्या खांबावरून काढून डाव्या खांबाला ठोकला आणि गॅसच्या नळीला हातभर जोड दिला. विहीणबाई आल्या, हुककडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. तो काहीतरी शोधत असल्यासारखा खाली वाकला. त्यांनी डाव्या हाताने टॉर्च उचलला. अळीमिळी गुपचिळी. त्या दिवसापासून कारखान्यात एक उजवं माणूस आणि एक डावं माणूस शेजारी शेजारी काम करू लागलं, आरशातल्यासारखं, आणि त्याला आपलंच काम पहिल्यांदा आवडायला लागलं.

आरसा. हा शब्द त्याच्या मनात पेडलच्या एका फेऱ्याबरोबर आला आणि दुसऱ्या फेऱ्याबरोबर गेला. पकडता आला नाही.

पुढे पोहण्याचा तलाव. बंद होता अजून, निळ्या दारावर पाण्याचे ओघळ. इथे डावरा काका बसायचा. वडिलांचा धाकटा भाऊ. त्याला घरात, गल्लीत, सगळीकडे डावराच म्हणायचे. काकासुद्धा आधी कारखान्यातच होता. त्याच्या फ्रेम वडिलांनी कापल्या. एक कापली, दुसरी कापली, तिसरी कापल्यावर काका एप्रन खिळ्याला अडकवून निघून गेला आणि तलावाच्या दाराशी तिकिटं फाडायला लागला. घरात कुणी वाईट बोललं नाही. ''त्याच्या हातातच वाक आहे,'' एवढंच म्हणत, पायात व्यंग असल्यासारखं. लहानपणी तो तलावावर फुकट पोहायला जायचा आणि काका त्याच्यासाठी मुद्दाम एक रद्दी तिकीट फाडायचा, गंमत म्हणून. डाव्या हाताने. आणि फाडलेली कड इतकी सरळ यायची, कात्रीने कापावी तशी. ''बघ,'' काका म्हणायचा, ''कागद माझं ऐकतो.'' त्याला तेव्हा पाण्यात उडी मारायची घाई असायची. ओल्या केसांनी परत येताना काकाने दिलेली लिमलेटची गोळी तोंडात असायची आणि काका दाराशी तसाच, समोर बघत. काय बघायचा? समोर रस्ता होता. रस्त्यावरून सायकली जायच्या.

डाव्या हाताने.

सायकल थांबली होती. त्याने थांबवली नव्हती, पाय टेकले गेले होते. खिडकीकडे केसभर! वडिलांचं वाक्य. साच्यात फ्रेम धरायची, आणि जाळ लावायच्या आधी उभी नळी केसभर खिडकीकडे कलवून ठेवायची. खिडकी म्हणजे डावीकडे. का, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. रीत होती. गाढवाने विचारायचं नसतं. विहीणबाईंनी मात्र विचारलं होतं. ''केसभर म्हणजे कुणाचा केस? माझा की तुमचा? तुमच्याकडे तर मापाला एक शिल्लक नाही.'' तो हसला होता, टकलावरून हात फिरवला होता. ''आणि कलवायची का पण?'' ''अहो, कलवली की सरळ येते.'' ''हे उत्तर झालं का, व्याही?'' ''वडिलांचं आहे.'' मग त्या गप्प बसल्या. दुसऱ्याच्या घरातल्या वडिलांपुढे पाहुणा बसतो तशा. आता फुटपाथच्या कडेला त्याने उजवा हात हवेत धरला. यात टॉर्च. उजवा हात सुरुवात कुठून करतो? उजवीकडून, दाराच्या बाजूने. जी बाजू आधी तापते ती आधी निवते, आणि निवताना फ्रेमला आपल्याकडे ओढते. दाराकडे. म्हणून वडील आधीच केसभर उलट कलवून ठेवायचे, खिडकीकडे. ओढ आणि कल, दोन्ही मिळून सरळ. मग त्याने डावा हात उचलला. डावा सुरुवात खिडकीकडून करतो. ओढ खिडकीकडे. आणि कलवलेली? तीही खिडकीकडे. एकावर एक. बस थांब्यावरची एक बाई त्याच्याकडे बघत होती, हवेत दोन्ही हात धरून उभ्या असलेल्या, आखूड सायकलवरच्या, टकल्या म्हाताऱ्याकडे. ''काही शोधताय का?'' तिने विचारलं. ''सापडलं,'' तो म्हणाला. हुक हलवला होता त्याने. खांब बदलला, नळीला जोड दिला, आणि आपल्या शहाणपणावर खूश झाला. वाक्य हलवायचं राहिलं. बाईंनी वाक्य पाळलं होतं. सांगितलं तसं, केसभर, तंतोतंत. थोडी हयगय केली असती, थोडं कमी ऐकलं असतं, तर सायकल सरळ आली असती!

आणि काका.

तो घरी कसा आला ते त्याला पुढे आठवलं नाही. वळणं घेतली असतील. पायांना रस्ता पाठ होता. अंगणाच्या फाटकाशी विहीणबाई उभ्या होत्या, एप्रन घातलेला, आणि त्याने बघितलं की त्यांनी त्याचे हँडलवर घट्ट आवळलेले हात बघितले. मग त्या काही न विचारता वळून आत गेल्या. तो सायकल घेऊन आत आला तेव्हा करवत भिंतीवर नव्हती. टेबलावर होती, पात्याला तेल लावून.

''हात सोडलेत ना?''

''सोडले.''

''किती वेळा?''

''पुष्कळ.''

''मग कुठे?''

''डावीकडे. बोटभर.''

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही नव्हतं. गिऱ्हाइकाने कोट परत आणला की असा चेहरा ठेवायची सवय असणार. ''मला वाटलंच होतं,'' त्या म्हणाल्या. ''एवढं चांगलं आपल्याला कुठलं जमायला. कापू या. सुटं करून घ्या तुमचं सामान.''

''विहीणबाई, आधी ऐका. जाळ कुठून सुरू केलात?''

''खिडकीकडून. माझा हात तिकडूनच—'' त्या थांबल्या.

''आणि कलवून ठेवलीत कुणीकडे?''

''खिडकीकडे. तुम्हीच तर...'' आणि त्यांनी उजवा हात वर केला, मग डावा, हवेत, अगदी त्याने रस्त्यावर केलं होतं तसं, आणि डोळे बारीक केले. त्याला सांगावं लागलं नाही. ''अगं बाई,'' त्या हळूच म्हणाल्या, ''हे तर उलट्या अंगाच्या कापडावर सुलट्याचा नमुना ठेवल्यासारखं झालं.''

''हात तुमचा चुकलेला नाही. वाक्य चुकलं. माझं.''

''तुमच्या वडिलांचं.''

''सांगितलं मी. कापायची गरज नाही.'' तो भराभर बोलत होता. ''रीत हाताच्या चुकीला आहे. ही—''

''व्याही.'' त्यांनी करवत उचलली. ''सूट नाही म्हणाले होते ना मी? वाकडी ती वाकडी. कोट कुणाच्या चुकीने बिघडला हे खांद्याला कळत नाही. आणि तुम्ही सांगितलंत ना, काप उजेडात बघतात म्हणून? मला बघायचाय. सरळपणाचं तुम्ही सांगितलंत. आतलं मला बघू दे.''

दोघांनी सामान उतरवलं, चाकं, चिमटा, सीट, आणि फ्रेम शिकंज्यात आवळली. तो करवत घ्यायला पुढे झाला तर त्यांनी कोपराने त्याला बाजूला केलं, विहिणीने व्याह्याला कधी करू नये असं, आणि डाव्या हाताने कापायला लागल्या. त्याने दुसरं टोक धरलं. आवाज नळीतून हातात आला, हातातून दातांत. वरून बायको ओरडली, ''काय चाललंय सकाळी सकाळी?'' करवत चालूच राहिली. तुकडा सुटला तेव्हा विहीणबाईंनी तो गरम गरमच उचलला, पदराने नाही, उघड्या बोटांनी, शिंप्याची बोटं. काप कानशीने एकदा साफ केला आणि खिडकीत धरला.

बाहेरचं लोखंड, आतलं लोखंड, आणि मधे पितळ. बारीक, पिवळी, एकसारखी रेघ. तो तिच्याबरोबर डोळा फिरवत गेला, वरून खाली, खालून वर, कुठे घाबरलीय का बघत. कुठेच नाही. जिथून निघाली तिथे येऊन मिळाली, कुठे मिळाली हेही दिसू न देता. अशी रेघ त्याने स्वतः किती वेळा भरली असेल? कुणास ठाऊक. चांगली फ्रेम कापतं कोण! चांगलं काम आत बंद होऊन रस्त्यावरून जातं. हे बघायचं भाग्य बिघडलेल्यालाच.

''चांगलं आहे का?'' विहीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

त्याची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली होती. तिथे खडू ठेवायचा नळीचा तुकडा होता, वीतभर, गंजून काळा झालेला. कळायला लागल्यापासून तिथेच. वडिलांच्या वेळी त्यात खडू, त्याच्या वेळी त्यात खडू. काकाच्या फ्रेमचा तुकडा, एवढं ऐकून माहीत होतं. बाकीच्या कापलेल्या फ्रेम भंगारात गेल्या, त्याची स्वतःचीही. हाच का ठेवला होता? त्याने खडू ओतले. तुकडा शिकंज्यात धरला, कापलेलं टोक वर, आणि कानस चालवायला लागला, मागे ओढताना उचलत. लाल पूड पडली, मग काळी, मग लोखंड चमकलं. आणि त्या चमकेच्या आत, एवढ्या वर्षांच्या गंजाखालून, पिवळी रेघ वर आली. गोल. कुठेही न तुटलेली. त्याने थुंकी लावून अंगठ्याने पुसली, पुन्हा बघितली. म्हणजे वडिलांनी ही बघितली होती. उजेडात धरून बघितलीच असणार. असा सांधा भरणारा हात सरळपणा कसा चुकवेल, हे कोडं त्यांनाही पडलं असेल, आणि सुटलं नसेल, आणि टाकूनही देववलं नसेल. मग त्यात खडू ठेवले असतील.

''कुणाचा हा?'' विहीणबाई म्हणाल्या.

''काकाचा. तोही डावरा होता.''

विहीणबाईंनी आपला तुकडा त्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन गोल पिवळ्या रेघा. खिडकीतून आलेलं ऊन दोन्हींवर सारखं पडलं. मग बायको जिन्यावरून खाली आली, फ्रेमचे दोन तुकडे बघितले, एकदा त्याच्याकडे, एकदा विहिणीकडे, आणि तिचा चेहरा पडला. ''म्हणजे आता तुम्ही बहिणीकडे...'' तिला ठाऊक होतं तर. या घरात न बोललेलं सगळ्यांना ठाऊक असतं.

''कशाला?'' विहीणबाई म्हणाल्या. ''इथे एवढं काम पडलंय. आणि हे बघा, आज मला एक पोळी जास्त लागणार आहे. सकाळपासून करवत चालवतेय.'' बायको उभी राहिली तशीच क्षणभर. मग, ''एकच?'' म्हणून चटकन वळली, आणि जिन्यावर तिच्या पावलांचा मोठा आवाज झाला.

त्याने फळीवरून नव्या नळ्या काढल्या. मुंढा कापायचा होता, घासायचा होता, बरीच वाट होती अजून. पण विहीणबाईंना धीर कुठला. त्यांनी उभी नळी नुसतीच साच्यात धरून बघितली, आवळली, आणि डाव्या हाताने वरचं टोक हळूच लोटलं. दाराकडे.

''केसभर?'' त्यांनी विचारलं.

''केसभर.''

विहीणबाईंनी कानामागचा एक पांढरा केस उपटला, नळी आणि साच्याच्या मधे ताणून धरला, आणि त्यावर स्क्रू पिळला.